लाल डोळ्यात काहीही पिळू नका!

पावसाची झड लागली, शाळा भरल्या, की डोळे येण्याची साथ ठरलेली. वर्गातल्या एका पोराचे डोळे येतात, तो घरी येऊन भावंडांना देतो, आठवडाभरात आळीतले निम्मे लोक काळे चष्मे लावून फिरू लागतात. त्याच आठवड्यात उपायांचीही साथ येते. कुणी कोथिंबिरीचा रस सांगतो, कुणी शेवग्याच्या पाल्याचा. कुणी मध घाला म्हणतो, कुणी गुलाबपाणी, कुणी बाळंतिणीच्या अंगावरचे दूध. मोबाइलवर तर सकाळच्या मूत्राने डोळे धुवायला सांगणारेही भेटतात. सगळ्यांचे शेवटचे वाक्य एकच असते : “घालून तर बघ, तोटा काही नाही.”

तोटा आहे. कधी कधी तो डोळ्याएवढा असतो. म्हणून हे आवाहन, आणि त्यात मागणे दोनच.

पहिले मागणे : घरी काढलेला रस, काढा, दूध, मध, तेल, तूप, चीक, भुकटी किंवा मूत्र यांपैकी काहीही डोळ्याच्या आत घालू नका. एक थेंबही नको. लहान मुलांच्या डोळ्यात तर नकोच नको.

दुसरे मागणे : डोळा लाल झाला असेल आणि त्याबरोबर पुढच्यांपैकी एकही गोष्ट असेल, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

• डोळा नुसता चुरचुरत नाही, तर ठणकतो आहे.
• नजर अंधूक झाली आहे आणि चिपडे पुसूनही ती साफ होत नाही.
• उजेडाकडे बघवत नाही, डोळा उघडता येत नाही.
• काळ्या भागावर पांढरा किंवा राखाडी ठिपका दिसतो आहे.
• डोळ्यात कुसळ, पाचट, तूस, खडी, चुना, चीक किंवा फवारणीचे औषध गेले होते.
• कॉन्टॅक्ट लेन्स वापरता, किंवा त्या डोळ्याची आधी शस्त्रक्रिया झाली आहे.
• रुग्ण महिन्याच्या आतले बाळ आहे.

ज्यांना एवढेच वाचायला वेळ आहे, त्यांनी इथे थांबले तरी चालेल. ज्यांच्या मनात “पण आमच्याकडे तर गुण आला होता” असे आहे, त्यांनी मात्र पुढे वाचावे.

गुण आला, हे खरेच असेल. २०२३ च्या जुलैची साथ आठवा. आळंदी परिसरातल्या शाळांमधून तिच्या बातम्या येऊ लागल्या आणि काही आठवड्यांत राज्यातल्या रुग्णांचा आकडा लाखाच्या वर गेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यांत एंटेरोव्हायरस जातीचा विषाणू सापडला. १९७१ मध्ये बंगालमध्ये अशीच साथ आली होती. बांगलादेशच्या मुक्तिलढ्याचे ते दिवस, म्हणून लोकांनी तिला नावच ‘जय बांगला’ पाडले. अशा साथींतले डोळे येणे बहुतेक वेळा विषाणूमुळे असते. ते आठवड्यात, फार तर दोन आठवड्यांत आपले आपण बरे होते. डॉक्टरही अशा वेळी थंड शेक, स्वच्छता आणि वाट पाहणे हेच मुख्यतः सांगतात.

आता हिशेब बघा. ज्याने तिसऱ्या दिवशी कोथिंबिरीचा रस घातला, त्याचे डोळे सातव्या दिवशी निवळले. ज्याने काहीच घातले नाही, त्याचेही सातव्या दिवशीच निवळले. पण श्रेय रसाला मिळाले आणि तो उपाय पुढच्या दहा घरांत गेला. ज्याचा डोळा रस घालून बिघडला, तो गावात सांगत फिरत नाही. तो जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखल असतो. नफ्याच्या गोष्टी पारावर सांगितल्या जातात आणि नुकसानीच्या केसपेपरवर राहतात, म्हणून हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या ‘सिद्ध’ राहिले आहेत. एखाद्या उपायाने खरोखर गुण येतो का, हे ठरवायचे तर तो घेतलेले आणि न घेतलेले असे दोन सारखे गट शेजारी ठेवून मोजावे लागते. आपल्या घरगुती डोळ्यांच्या उपायांपैकी बहुतेकांची अशी मोजणी कधी झालेलीच नाही.

खरी गोम पुढेच आहे. प्रत्येक लाल डोळा म्हणजे डोळे येणे नव्हे. डोळ्याच्या काळ्या भागावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याला आपण बोलीत बुबुळच म्हणतो. त्याची जाडी मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो काचेसारखा स्वच्छ राहतो. वरचा नाजूक थर शाबूत आहे तोवर जंतू सहसा आत शिरत नाहीत. उसाच्या पात्याचा फटका बसला, मळणी करताना तूस उडाले, गुराची शेपटी लागली, की हा थर खरचटतो आणि वाट मोकळी होते. आत शिरतात ते जिवाणू, किंवा शेतातल्या काडीकचऱ्यावर वाढणारी बुरशी. याला बुबुळाचा अल्सर म्हणतात. सुरुवातीला तो घरातल्या माणसाला साध्या डोळे येण्यासारखाच दिसतो. जिवाणू जहाल असेल तर एक-दोन दिवसांत बुबुळ विरघळून भोक पडू शकते. बुरशी सावकाश जाते, पण खोल जाते. संसर्ग बरा झाला तरी मागे पांढरा डाग राहतो. ‘डोळ्यात फूल पडले’ असे आपण म्हणतो ते बहुधा हेच. ते फूल बाहुलीसमोर पडले तर त्या डोळ्याची नजर गेली.

हा दुर्मीळ प्रकार नाही. तमिळनाडूतल्या मदुराई जिल्ह्यात या रोगाचे प्रमाण मोजले गेले, तेव्हा ते वर्षाला दर लाख लोकांमागे ११३ निघाले. देशात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यानुसार पन्नाशीच्या आतल्या लोकांमधल्या अंधत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण बुबुळावरचे डाग हे होते. प्रमाण ३७.५ टक्के. म्हणजे ऐन कमावत्या वयातली माणसे.

तपासणी किती साधी असते, हे सांगितले पाहिजे, कारण दवाखान्याच्या धास्तीनेच अनेक जण रसाकडे वळतात. डॉक्टर नारिंगी रंगाची कागदाची एक बारीक पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवतात. डोळ्यात पिवळसर पाणी पसरते, किंचित चुरचुरते, झाले. मग निळा उजेड टाकतात. बुबुळ शाबूत असेल तर काही दिसत नाही. जिथे खरचटले असेल तिथे मात्र हिरवीगार चमक उठते. कुसळाची रेघ असेल तर रेघ, ठिपका असेल तर ठिपका. सारा प्रकार काही मिनिटांचा. साधे डोळे येणे आणि बुबुळाची जखम यांतला फरक तिथल्या तिथे कळतो. आरशासमोर उभे राहून तो आपल्याला कळणार नाही, शेजारच्या काकूंना कळणार नाही आणि मोबाइलवरच्या माणसाला तर मुळीच कळणार नाही.

वेळेवर गेले तर काय होते, याचा पुरावा नेपाळमधल्या भक्तपूरचा आहे. तिथे गावोगावच्या नेत्रसेवकांनी डोळ्याला इजा झालेले लोक हेरून जवळच्या नेत्रकेंद्रात पाठवले आणि ज्यांचे डोळे खरचटले होते, त्यांना तिथे अँटिबायोटिक मलम ३ दिवस दिले गेले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा ४४२ जणांपैकी ९६ टक्के जणांची जखम संसर्ग न होता भरून आली. दुखापतीनंतर १८ तासांच्या आत ज्यांचे मलम सुरू झाले, त्यांच्यातल्या एकालाही अल्सर झाला नाही. बाटलीतला रस घालत काढलेले दोन दिवस किती महाग पडतात, ते यावरून कळेल. टांझानियात अल्सरच्या रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा दर चौघांपैकी एकाच्या डोळ्यात आधी गावठी औषध गेलेले होते. मदुराईतही अशा रुग्णांची संख्या मोठी निघाली. झाडपाल्याने दोन प्रकारे नुकसान होते. ते डोळ्याला इजा करते किंवा नवे जंतू आत नेते, हा एक प्रकार. आणि काहीच करत नाही, फक्त वेळ खाते, हा दुसरा.

आता एकेक पदार्थ घेऊ.

रुई आणि शेर. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची म्हणून पहाटे पाने खुडली जातात. देठातून पांढरा चीक गळतो, बोटांना लागतो आणि तेच बोट नकळत डोळ्याला लागते. रुईचा चीक फसवा आहे. तो डोळा बधिर करतो, म्हणून सुरुवातीला दुखणे बेताचेच असते आणि माणूस गाफील राहतो. काही तासांत समोरचे धुक्यातल्यासारखे दिसू लागते. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो. बुबुळातले जास्तीचे पाणी बाहेर काढून ते पारदर्शक ठेवणे हे त्याचे काम. रुईचा चीक या पेशी मारतो आणि मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. कुंपणाच्या शेराचा आणि निवडुंगाचा चीकही असाच घातक. तिथे मात्र आग आग होते. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान २० मिनिटे डोळा धुवा आणि थेट दवाखाना गाठा. औषध म्हणून हा चीक मुद्दाम डोळ्यात घालणारे आहेत, त्यांच्यापुढे तर हात जोडतो.

धोतरा. याच्या पानाफुलांत अ‍ॅट्रोपीनसारखी द्रव्ये असतात. त्यांनी बाहुली मोठी होते आणि जवळचे दिसेनासे होते. ज्यांच्या डोळ्यांची ठेवण तशी असते, त्यांच्या डोळ्याचा दाब अचानक वाढू शकतो. हा काचबिंदूचा झटका असतो आणि तो काही तासांत नजर नेऊ शकतो.

हळद. हळदीच्या पाण्यात फडके भिजवून डोळे पुसायची रीत जुनी आहे. हळदीतल्या कर्क्युमिनने जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसते. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. डोळ्यात जाते ती भुकटी, आणि ती खरचटवते. त्यातून एकच फडके घरात सगळ्यांना फिरवले की साथ घरभर झालीच म्हणून समजा.

मध. जखमांसाठी वापरला जाणारा वैद्यकीय मध निर्जंतुक केलेला असतो. बरणीतला मध तसा नसतो. त्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवूही नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

अंगावरचे दूध. बाळासाठी याहून मोलाचे अन्न नाही. तान्ह्या मुलांच्या डोळ्यांतल्या चिपडांवर त्याचे काही छोटे अभ्यास झालेही आहेत. पण बुबुळाच्या जखमेवर किंवा पू येणाऱ्या डोळ्यावर ते उपचार ठरते, असा पुरावा नाही. नवजात बाळाचे डोळे सुजून पू येत असेल तर तो संसर्ग प्रसूतीवेळी आईकडून आलेला असू शकतो. त्यातला गोनोरियाचा जंतू धडधाकट बुबुळातही शिरतो आणि एक-दोन दिवसांत डोळा घालवतो. अशा बाळाला आधी दवाखाना, बाकी सगळे नंतर.

गुलाबपाणी, एरंडेल, लिंबू, कांदा, तुरटी. बाजारातले गुलाबपाणी चेहऱ्याला लावण्यासाठी असते, डोळ्यासाठी निर्जंतुक केलेले नसते. कोरड्या डोळ्यांच्या काही औषधांत एरंडेल असते हे खरे, पण ते शुद्ध, निर्जंतुक आणि मोजून घातलेले. घाण्यावरचे किंवा दुकानातल्या बाटलीतले तसे नव्हे. लिंबू, कांदा आणि तुरटी यांनी डोळा झोंबून पाणी येते. त्याला ‘घाण निघाली’ म्हणतात. निघते ते नुसते पाणी.

मूत्र. मग ते गाईचे असो की स्वतःचे, जंतूंपासून मुक्त नसते. मूत्राने धुतलेल्या डोळ्यांना गोनोरियाचा संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

सुरमा. पारंपरिक सुरम्यात शिशाचे प्रमाण मोठे असते. ते मुलांच्या अंगात भिनते आणि मेंदूच्या वाढीला अपाय करते.

“म्हणजे तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात आहात,” असे कुणी म्हणेल. मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत. डोळ्यांवरचे उपचार सेक, आश्च्योतन, तर्पण, पुटपाक, अंजन असे वेगवेगळे मांडले आहेत. कुणाला अंजन घालू नये, याची यादीही तिथे आहे. तापात नको, रडून झाल्यावर नको, दारू प्यायलेल्याला नको. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाला जेवढी सावधगिरी सुचली, तेवढी अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीला सुचत नाही. डोळ्यांच्या विकारांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले शालाक्यतज्ज्ञ वैद्य आज आपल्याकडे आहेत. बुबुळाची जखम दिसली की त्यांच्यातले जाणते रुग्णाला लगेच नेत्रतज्ज्ञाकडे धाडतात. आयुर्वेदाचे नाव घेऊन परसातला पाला पिळणारा माणूस त्यांचा वारस नव्हे.

वनस्पतींत गुण नसतात, असेही नाही. दारुहळदीपासून काढतात ते रसांजन. त्यातल्या बर्बेरिनचे थेंब करून खुपरी या रोगावर १९८० च्या सुमारास आपल्या देशात चाचण्या झाल्या आणि काही निकाल उत्साह वाढवणारे होते. पण तपासले गेले ते शुद्ध केलेले, मोजून विरघळवलेले, निर्जंतुक थेंब. रुग्णही थोडेच होते. त्यावरून ‘दारुहळदीची मुळी उगाळून डोळ्यात घाला’ असा अर्थ काढता येत नाही. बशीतल्या जंतूला मारणे वेगळे आणि डोळ्यातल्या जंतूला मारून डोळा शाबूत ठेवणे वेगळे. बशीतला जंतू फिनेलनेही मरतो.

निर्जंतुकपणाचा एवढा आग्रह कशासाठी, ते अमेरिकेतल्या २०२३ च्या घटनेवरून कळेल. चेन्नईजवळच्या कारखान्यात बनलेले, डोळ्यांना ओलावा देणारे साधे थेंब तिथे विकले जात होते. त्यांत जिवाणू शिरले. मे महिन्यापर्यंत १८ राज्यांत ८१ रुग्ण नोंदले गेले. १४ जणांची नजर गेली, ४ जणांचे डोळे काढावे लागले आणि ४ जण दगावले. सीलबंद बाटलीत, औषधी कारखान्यात एक चूक झाली तर ही गत. मग पाटा-वरवंट्यावर वाटून पदराच्या टोकाने गाळलेल्या रसाचे काय बोलावे?

मेडिकलमधून मनानेच आणलेल्या थेंबांबद्दलही तेवढेच कडक बोलायला हवे. लाली झटकन उतरवणाऱ्या अनेक थेंबांत स्टिरॉइड असते. डोळा दोन दिवस छान दिसतो, आत बुरशीला रान मोकळे मिळते. मागच्या साथीतली उरलेली बाटली, शेजाऱ्याची बाटली, दुकानदाराने ‘हे भारी आहे’ म्हणून दिलेली बाटली, यांतले काहीही वापरू नका. बुरशीच्या अल्सरला नाटामायसिनसारखे बुरशीनाशक थेंब लागतात आणि ते तपासणीनंतरच ठरतात.

मग घरी काय करायचे? बरेच काही. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून मिटलेल्या पापण्यांवरची चिपडे पुसा. प्रत्येक वेळी नवा बोळा घ्या आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा. मिटलेल्या डोळ्यावर थंड घडी ठेवा. डोळा चोळू नका. हात साबणाने धुवा, टॉवेल आणि उशी वेगळी ठेवा, काजळ बंद करा, मुलाला काही दिवस शाळेत पाठवू नका. रांजणवाडी आली असेल तर मिटलेल्या पापणीला कोमट शेक द्या, ती फोडू नका. डोळ्यात कचरा गेला तर स्वच्छ पाण्याने धुवा. पदराच्या टोकाने किंवा जिभेने तो काढायचा प्रयत्न करू नका. चुना किंवा फवारणीचे औषध गेले तर एक मिनिटही न दवडता डोळा उघडा धरून अर्धा तास पाणी ओता आणि मग दवाखान्याकडे निघा. ज्या आजीला नातवासाठी काही करायचे आहे, तिच्यासाठी यात भरपूर काम आहे.

आता ज्याचे त्याला सांगणे.

शेतकरी आणि ऊसतोड कामगारांनो : भात कापणी, मळणी, ऊसतोड या वेळी साधा पारदर्शक चष्मा लावा. डोळ्याला पात्याचा फटका बसला तर फड संपायची वाट पाहू नका. मुकादमांनो, त्या दिवशी त्या माणसाला गाडीत घालून दवाखान्यात पोचवणे ही तुमची जबाबदारी माना.

आशाताई आणि अंगणवाडीताईंनो : वर दिलेली लक्षणे भिंतीवर लावा. बाळंतिणीच्या घरी जाल तेव्हा बाळाचे डोळे आवर्जून बघा.

शिक्षकांनो : डोळे आलेल्या मुलाला घरी पाठवताना सोबत दोन ओळींची चिठ्ठी द्या : डोळ्यात काही घालू नका, दुखत असेल तर आजच दाखवा.

गावातल्या वैद्यांनो, सुईणींनो आणि झाडपाल्याचे औषध देणाऱ्यांनो : लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे. ठणकणारा डोळा पुढे धाडलात तर तो विश्वास वाढेलच. तुमच्या एका शब्दावर माणूस दवाखान्यात जातो, आमच्या दहा लेखांनी जात नाही.

औषध दुकानदारांनो : चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब देऊ नका.

आणि मोबाइलवर उपाय फिरवणाऱ्यांनो : ‘चष्मा उतरवा, मोतीबिंदू विरघळवा’ असे संदेश पुढे ढकलू नका. अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपायांविरोधी कायद्याने बंदी आहे. कुणाच्या घरात आज लाल डोळा असेल आणि तो तुमचा संदेश वाचून रस पिळणार असेल, तर त्या डोळ्याचा भार तुमच्यावरही येतो.

डोळ्यांची तपासणी ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर कुठे जायचे ते सांगतील. जाताना डोळ्यात आधी काय काय घातले, ते न लपवता सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प राहू नका, कारण औषध त्यावरच ठरते. घरात आज कुणाचा डोळा लाल असेल तर वरची सात लक्षणे एकदा पडताळून बघा. एकही जुळले, तर हे वाचून झाल्यावर पहिले काम तेच : रुग्णाला घेऊन निघा. एकही जुळत नसेल तर हात धुवा, थंड घडी ठेवा, धीर धरा आणि कपाटातली ती जुनी बाटली केरात टाका.